नेरिसला सांगू नका

नेरिस, तू गेलीस त्याला आज आठ दिवस झाले आणि तुझ्यापायी मी आत्ताच पेचात सापडलेय. परवा शुक्रवारी दुपारी इथे बहरीनला, अदलियातल्या आपल्या हॉलमध्ये तुझ्या आठवणीसाठी सगळे जमणार आहेत. हॉल सांभाळणाऱ्या सलीमभाईने कार्यक्रम ठरवलाय, जेवण ठरवलंय, आणि मी काय बोलायचं तेही ठरवून टाकलंय. दर शुक्रवारी तुझं ते बंदराचं गाणं सुरू करण्याआधी तू जे छातीठोकपणे सांगायचीस, तेच मी तुझ्या वतीने शेवटचं सांगायचं: नेरिसने हे गाणं एकोणिसाव्या वर्षी रेकॉर्ड केलं आणि पन्नास वर्षं त्याच पट्टीत गायलं, केसभरही खाली उतरली नाही.

"ताई, तुम्ही अकरा वर्षं तिच्या बाजूला बसून वाजवलंत," सलीमभाई म्हणाला. "तुम्ही बोललात की पब्लिक मानेल. मॅडमची शान हाय ती."

बाजूला बसले हीच तर अडचण आहे. नेरिस, ते खरं नाही. तुझी पट्टी उतरली होती, आणि ती मी उतरवली होती. तुला न सांगता, कीबोर्डवरचं एक बटण दाबून, अकरा वर्षांत चार वेळा. तुला ते कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. कळलं असतं तर तू मला माफ केलं असतंस की वाळूत पुरलं असतंस, तेही माहीत नाही. तू असताना हे तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहायला बसलेय. तेही मराठीत, म्हणजे कागद तुझ्या बहिणीच्या हाती पडला तरी निभावेल.

आपली गाठ पडली तेव्हा मला बहरीनला येऊन तीन वर्षं झाली होती. दिवसा सित्रातल्या एका कंपनीत अकाउंट्स, संध्याकाळी लेकीचा, सईचा अभ्यास, आणि वर्षातून एकदा आमच्या मंडळाच्या गणपतीत पेटी. त्या वर्षी मंडळाने सलीमभाईचा हॉल घेतला होता. आमची तालीम संपेना आणि तुझी सुरू होईना. तू दारात उभी होतीस. चांदीसारखे केस, कोपरापर्यंत बांगड्या, आणि चेहरा असा की आमच्या बायकांनी आरतीची दोन कडवी आपोआप गाळली. तुझा पियानोवाला त्याच आठवड्यात कायमचा मायदेशी निघाला होता. तू सरळ माझ्यापाशी आलीस, पेटीकडे बोट दाखवलंस आणि विचारलंस, "या खोक्यावर जे करतेस ते मोठ्या खोक्यावर जमेल का?"

मी म्हटलं, जमेल. माझे वडील सांगलीत कीर्तनाला पेटीची साथ करायचे. मी अक्षरं गिरवायच्या आधी त्यांच्या मांडीवर बसून पट्ट्या दाबल्या होत्या. कीबोर्ड म्हणजे काय, भाता नसलेली पेटी. मी आपलं रीतीप्रमाणे विचारलं, "तुमची पट्टी कुठली?"

"माझी?" तू म्हणालीस. "माझी कसली? गाण्याची विचार!"

तिथून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. आमच्याकडे पट्टी गाणाऱ्याची असते. तेच पद एकजण काळी चारमध्ये गाईल, दुसरी काळी एकमध्ये, आणि ऐकणारा भुवईसुद्धा वर करणार नाही. वय झालं की माणूस एखादी पट्टी खाली येतो, जिना उतरताना कठडा धरावा तसा. त्यात लाज कसली? तुझं म्हणणं, गाणं ज्या पट्टीत जन्मलं तीच त्याची पट्टी, ती बदलली की ते गाणं मेलं. "माणसाचं जन्मगाव म्हातारपणी बदलतं का?" असं तू मला विचारलंस. मी म्हटलं, "आपण दोघी आपापल्या जन्मगावापासून हजारो मैलांवर एका बेटावर उभ्या राहून हे बोलतोय." तू एवढ्या मोठ्यांदा हसलीस की सलीमभाई स्वयंपाकघरातून धावत आला. मग म्हणालीस, शुक्रवारी दुपारी ये, हॉलमध्ये सुट्टीचं ब्रंच असतं, तिथे मी गाते.

एक गोष्ट मात्र मी तुला सांगितली नाही. मला तुमचं नोटेशन वाचता येत नव्हतं. तू गाणं एकदा गाऊन दाखवलंस, मी ऐकत ऐकत हात बसवला, घरी जाऊन वहीत सारेगम लिहून ठेवलं. तुला वाटलं, हिला सगळं तोंडपाठ आहे. मी म्हटलं, वाटू दे. मला गाणं पांढरी पाचमध्ये मिळालं होतं, तीच त्याची मूळ पट्टी असं मी धरून चालले.

तुझी कारकीर्द मला कधी सालावार कळलीच नाही. ती कळली घासाघासाला. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात चर्चच्या गायकवृंदात उभं राहायला तुला लहान म्हणून खोक्यावर चढवायचे, हे तू मला थालीपीठ खाताना सांगितलंस. त्या थालीपिठाला तू संत्र्याचा मुरंबा लावायचीस आणि वर आमच्याच ठेच्याला नावं ठेवायचीस. रेकॉर्ड निघाली, रेडिओवर वाजली, एका हिवाळ्यात तुमच्याकडे म्हणे न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे ती गुणगुणत होते. मग क्लब, मग जहाजांवरचे कार्यक्रम, आणि मग तीन महिन्यांच्या करारावर बहरीन. तीन महिन्यांची चाळीस वर्षं झाली. "परत कधी जाणार असं विचारायला कुणी आलंच नाही," म्हणायचीस. हॉटेलं झाली, रिफायनरीचे स्नेहमेळावे झाले, लग्नं झाली, आणि त्याच लग्नांतल्या मुलींची लग्नंही झाली. सखीरला मोटारींच्या शर्यतीच्या आठवड्यात तू गाड्यांच्या घरघरीवर मात करून गायलीस आणि खाली उतरून मला म्हणालीस, "तिसरी गाडी बेसूर आहे." मराठीचे तीन शब्द शिकलीस, चला, पुरे आणि झकास, आणि तेवढ्या भांडवलावर आमच्या मंडळाची अख्खी मीटिंग चालवलीस. अध्यक्षांना त्याआधी कुणी पुरे म्हटलं नव्हतं.

आणि ते गाणं. बंदरावर उभी असलेली मुलगी, निघालेलं जहाज, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत "होम" या शब्दावर सरळ वर चढलेला तो सूर. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं घर समुद्रापलीकडे होतं. तू तो सूर घेतलास की ब्रंचच्या टेबलांवर काटेचमचे थांबायचे. मी हिशेब ठेवणारी बाई, सहजासहजी गहिवरत नाही. पण त्या ठिकाणी दर शुक्रवारी मला सांगलीचं घर दिसायचं, आणि ते मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं ते सित्रात. एका कंपनीने कामगारांसाठी स्नेहमेळावा ठेवला होता, उघड्या मैदानावर तंबू, आणि कंपनीच्या बसमधून उतरणारे शेकडो लोक. दुपारी तीनला आपण आवाज तपासत होतो. तू "होम"वर गेलीस आणि आवाज चिरकला. तू धुळीला शिव्या दिल्यास, पाणी प्यायलीस, पुन्हा गेलीस. पुन्हा चिरकला. तिसऱ्यांदा तू त्या ओळीवर गेलीच नाहीस, उगाच माइकची वायर नीट करत राहिलीस. बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. त्या आधी मी तुला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

माझे वडील सांगायचे, साथ करणाऱ्याने गाणाऱ्याला उघडं पाडायचं नाही. तो घसरायला लागला की खालून हात द्यायचा, आणि तो हात लोकांना दिसू द्यायचा नाही. मी कीबोर्डवरचं बटण एकदा खाली दाबलं. अर्धा सूर. बोटं तिथेच, आवाज खाली. कार्यक्रम सुरू झाला, तू "होम"वर गेलीस आणि तिथे जाऊन उभी राहिलीस, आरामात. लोक उठून उभे राहिले. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघितलंस, वसु? गाण्याला पट्टी असते."

"हो," मी म्हटलं. इतका नम्रपणा मी लग्नातसुद्धा दाखवला नव्हता.

पुढे मी त्याचे नियम केले. बटण दाबायचं ते फक्त तू उन्हाळ्याच्या सुट्टीत वेल्सला जाऊन आल्यावर, कान विसरलेला असताना. एका वेळी अर्ध्या सुराहून जास्त नाही. सलीमभाईला पहिल्याच वर्षी कळलं, कारण कीबोर्डच्या पडद्यावर उणे एक दिसत होतं आणि त्याला वाटलं मशीन बिघडलं. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "नेरिसला सांगू नका."

"मी कशाला बोलू, ताई?" तो म्हणाला. तो दापोलीकडचा, आयुष्य इथे गेलं तरी बोलणं तिकडचंच. "मला नोकरी करायची हाय."

तरी चोराच्या मनात चांदणं. तुझा कान मी ओळखून होते. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तरी तू त्याचा सूर सांगायचीस. मग हे कसं कळत नव्हतं? का कळूनही तू गिळत होतीस? एका साथीदाराने आपल्याला न विचारता आपली पायरी ठरवावी, हा अपमानच की. कुणी माझ्या ताळेबंदात न सांगता दुरुस्ती केली असती तर मी त्याला उभा चिरला असता. घरी जाताना गाडीत मी दर वेळी ठरवायचे, पुढच्या शुक्रवारी सांगायचं. पुढच्या शुक्रवारी तू पुन्हा "त्याच पट्टीत!" अशी घोषणा करायचीस, लोक टाळ्या वाजवायचे, आणि मी मूग गिळून वाजवायला लागायचे.

एकदाच फजिती व्हायची वेळ आली. तुझ्या वाढदिवसाला कुणा चाहत्याने ती जुनी रेकॉर्ड आणि ती वाजवायचं यंत्र आणलं, आणि तू आत यायच्या आधी लावून दिलं. पहिली ओळ ऐकली आणि मी मनात पट्टी मोजली. ती माझ्या पांढरी पाचच्याही बरीच वर होती. मी स्वतःला समजावलं, जुनं यंत्र आहे, जोरात फिरत असेल. पण दुसरी ओळ सुरू व्हायच्या आत हॉलमध्ये अंधार झाला. सलीमभाई ओरडला, "करंट गेला!" बहरीनमध्ये भरदुपारी वीज जाते यावर लोकांचा विश्वास बसला, कारण ती गेलेली कुणी पाहिली नव्हती. दिवे आले तेव्हा रेकॉर्ड सलीमभाईच्या कपाटात होती आणि तू केक कापत होतीस.

शेवटी तुझी छाती भरून यायला लागली आणि तू दवाखान्यात गेलीस. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आले तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून बसली होतीस, बांगड्या नर्सने काढून ठेवल्या होत्या. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"नेरिस, त्या गाण्याबद्दल तुला काहीतरी सांगायचं आहे."

"आज नको, कारियाद," तू म्हणालीस. तुमच्या भाषेत ते सोन्या, राजा म्हणतात तसं, तू ते वेटरपासून राजदूतापर्यंत सगळ्यांना म्हणायचीस, पण मला म्हणालीस की मला ते फक्त माझंच वाटायचं. "आज जेवायला काय केलंस ते सांग."

मी भरली वांगी केली होती. कशी करतात, तू विचारलंस. मी सांगायला लागले, शेंगदाणे, खोबरं, चिंच, गूळ. गोड्या मसाल्याला इंग्रजीत काय म्हणायचं यात मी अडकले आणि मान वर करून पाहिलं तर तुझा डोळा लागला होता. दोन दिवसांनी तू गेलीस. माझा गुन्हा सांगायचा राहिला आणि वांग्याची कृतीही अर्धीच राहिली. फार आठवण येते गं तुझी. परवा हॉलमध्ये कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि मी बोटं पट्ट्यांवर ठेवली. कीबोर्ड समोर नव्हतासुद्धा.

आणि शुक्रवारी काय बोलू, ते अजून सुचलेलं नाही. खोटं बोलले तर तुझी शान राहते. खरं बोलले तर ज्या वाक्यावर तू पन्नास वर्षं टाळ्या घेतल्यास तेच मी तुझ्या मागे मोडून टाकते.

इथवर बुधवारी लिहिलं होतं. आज शनिवार आहे, आणि मधल्या तीन दिवसांत तू माझी जी गंमत केलीस ती ऐक.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी हॉलवर गेले. सलीमभाई स्टेज आवरत होता. त्याने माझं स्टूल उचललं आणि त्यावरची निळी फाईल माझ्या हातात दिली. तुझा आधीचा पियानोवाला जाताना मला ती देऊन गेला होता, म्हणाला होता, सगळं यात आहे, वाच. मला वाचता येत नव्हतं आणि तसं सांगायची लाज वाटत होती. स्टूल बुटकं होतं, मीही बुटकी. मी फाईल खाली टाकली आणि तिच्यावर बसले. अकरा वर्षं बसले.

सई मला घ्यायला आली होती. ती आता सखीरला युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर शिकते, शाळेत असताना पियानो शिकलेली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं झकास चालतं. तिने सहज फाईल उघडली, एक पान वाचलं आणि म्हणाली, "आई, सिट डाउन."

वरच तुझं बंदराचं गाणं होतं, छापलेलं, काळी पाचमध्ये. त्याच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं: "अर्धा सूर खाली घेतला आहे. नेरिसला सांगू नका. डेव्हिड." त्याखाली दुसरं अक्षर: "मीही अर्धा. तिला पत्ता नाही. सांगू नका. टोनी." त्याखाली तिसरं: "आणखी अर्धा. देव मला क्षमा करो. नेरिसला सांगू नका. हेन्री." सई इंग्रजीत वाचत होती आणि मी मनात पायऱ्या मोजत होते. मी मूळ मूळ म्हणून जी पांढरी पाच उराशी धरली होती, ती आधीच तीन पायऱ्या उतरलेली होती. रेकॉर्ड जोरात फिरत नव्हती.

आणि प्रत्येक पेन्सिलीच्या ओळीखाली हिरव्या शाईत तुझं ते ऐसपैस अक्षर. "आभारी आहे, डेव्हिड." "आभारी आहे, टोनी." "आभारी आहे, हेन्री. देवाचं मी बघते."

त्याच्याखाली पेन्सिल नव्हती, नुसतीच हिरवी शाई. "वसु, अर्धा. सित्रात, धुळीत. काय नाजूक हात आहे पोरीचा." मग "वसु, अर्धा." मग पुन्हा एकदा "वसु, अर्धा." मग चौथ्यांदा, आणि त्याखाली: "ही मुलगी फाईलवर बसते. तिला नोटेशन वाचता येत नाही. मला ते ठाऊक आहे, हे तिला सांगू नका."

मी सलीमभाईकडे पाहिलं. तो खुर्च्या मोजत होता, नको इतक्या लक्षपूर्वक.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"ताई, तुम्ही बोललात मॅडमला सांगू नको. मॅडम बोलली ताईला सांगू नको. तुम्ही बटण दाबलं की मागनं ती फाईल काढून लिहायची, मी परत स्टुलावर ठेवायचो." त्याने दोन्ही हात वर केले. "मी कोणाला बोललो नाय. खलास."

मी त्या बुटक्या स्टुलावर बसून आधी हसले आणि मग रडले, आणि सई मला टिश्यू देत राहिली. अकरा वर्षं तू माझ्याशी खोटं खोटं भांडत होतीस! गाण्याचं जन्मगाव काय, पट्टी काय! मी तुझ्या अपमानाच्या काळजीने झुरत होते आणि तू हिरव्या शाईने मला शाबासकी देत होतीस. मला फार बरं वाटलं, नेरिस. थोडा रागही आला. पण बरं जास्त वाटलं.

शुक्रवारी हॉल भरून गेला. वेल्सहून आलेली तुझी बहीण मेअर (नावाने मेअर, हुद्द्याने नव्हे) पहिल्या टेबलावर होती, तुझ्यासारखीच हनुवटी, फक्त बांगड्या नाहीत. सलीमभाईने मला स्टेजवर बोलावलं आणि डोळ्यांनी खुणावलं, ते वाक्य. मी म्हटलं, "मला बोलता येत नाही, मी वाजवते. तुम्ही सगळे गा." आणि कीबोर्ड लावला काळी पाचवर, जिथे तू एकोणिसाव्या वर्षी उभी होतीस.

लोक जोरात सुरू झाले, आणि "होम"पाशी तीनशे माणसं एकदम तोंडघशी पडली. कुणी किंचाळलं, कुणी सोडून दिलं, कुणी खोकल्याचं सोंग केलं. हशा पिकला. मी थांबले, बटण एकदा दाबलं आणि माइकमध्ये म्हटलं, "डेव्हिड." पुन्हा दाबलं. "टोनी." पुन्हा. "हेन्री." मग मी श्वास घेतला. "आणि वसुधा. वसुधा. वसुधा. वसुधा."

लोकांच्या ध्यानात येत होतं. सलीमभाईने कपाळाला हात लावला. मला वाटलं, संपलं, तिचं एक वाक्य होतं तेही मी मोडलं.

समोरच्या टेबलावरचे अबू खालिद उठले. रिफायनरीतून निवृत्त होऊनही वर्षं झाली, तू बहरीनला आलीस तेव्हापासून ते दर शुक्रवारी त्याच खुर्चीत. "बिंती," ते म्हणाले, म्हणजे बेटी, "आम्हाला काय कळत नव्हतं? आम्ही पण चाळीस वर्षं तिच्यासोबत गातोय. आमचा गळा काय वर चाललाय? ती खाली आली म्हणून तर आम्हाला शेवटपर्यंत गाता आलं. यल्ला, वाजव!"

मग काळी दोनमध्ये सगळा हॉल गायला. "होम"वर तीनशे माणसं गेली आणि तिथे आरामात उभी राहिली, एकही आवाज चिरकला नाही. फक्त तिसऱ्या ओळीत मेअर एकटीच काहीतरी वेगळं गायली, थबकली, आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघायला लागली. मला तिची दया आली. दुःखात सूर हलतो माणसाचा. मी तेवढी ओळ जरा जोरात वाजवून तिला सांभाळून घेतलं. कार्यक्रमानंतर सलीमभाई म्हणाला, "तुमचा भाषण तर राहिलाच, ताई," आणि मला बिर्याणीचं दुसरं ताट वाढलं.

आज सकाळी सईला म्हटलं, मला नोटेशन शिकव. पुरे झाली लपवाछपवी. तिने तुझं गाणं समोर ठेवलं आणि मी पहिलीतल्या मुलीसारखी एकेका सुरावर बोट ठेवत वाचायला लागले. पहिली ओळ जमली, दुसरी जमली. तिसऱ्या ओळीत तिने मला थांबवलं. "आई, यू आर प्लेइंग इट राँग."

मी म्हटलं, काहीतरीच काय, अकरा वर्षं वाजवतेय. तिने कागदावरचं वाजवून दाखवलं. तिथे शुद्ध मध्यम आहे, नेरिस, साधा सरळ. मी तीव्र, अर्धा सूर वरचा, वाजवत आलेय. उठून माझी वही काढली, तर पहिल्याच दिवशी लिहिलेल्या सारेगममध्ये म च्या डोक्यावर माझ्याच हाताने काढलेली उभी रेघ. तू एकदा गाऊन दाखवलंस तेव्हा मी चुकीचं ऐकलं, कीर्तनाच्या सवयीने हात तिकडे गेला, आणि तसाच बसला.

आणि तुला ते पहिल्याच शुक्रवारी कळलं असणार, पातेल्याचा सूर सांगणाऱ्या तुला. तू काही बोलली नाहीस. तू तीव्र गायलीस. एकोणिसाव्या वर्षापासून गात आलेल्या गाण्यातला तुझा स्वतःचा सूर बदललास आणि पुढची अकरा वर्षं दर शुक्रवारी माझा चुकीचा गायलीस. मी फाईल पुन्हा पुन्हा चाळली. हिरव्या शाईत याबद्दल कुठे एक अक्षर नाही.

म्हणजे काल बेसूर मेअर नव्हती. बेसूर आम्ही होतो, तीनशे माणसं, एका सुरात. आणि आम्हाला तसं गायला तू शिकवलं होतंस, मी एकटी चुकलेली दिसू नये म्हणून.